छायाचित्राचे मोल आणि राजकीय वाद : म्हैसूरच्या दुष्काळाचा दाखला

कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिच्याभोवती उठलेला वाद विचारात घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, या फडके-खांडेकरांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या वादात तो होता. मर्ढेकरांच्या १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही तो निराळ्या रूपाने पुढे आला. या चर्चांतून आपल्याकडे एक उत्तर बहुतांशी रूढ झाले. कवीचा पक्ष, सरकारची इतराजी, वाचकांचा क्षोभ ही सारी कवितेबाहेरची प्रकरणे होत. कवितेचा निवाडा कवितेच्या आत व्हावा. साहित्यापुरते हे उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. परंतु छायाचित्राला ते जसेच्या तसे लावता येईल काय, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. छायाचित्रे वृत्तपत्रांची म्हणून बाजूला ठेवावयाची आणि समीक्षेने शब्दांकडे पाहावयाचे, अशी एक वाटणीच जणू आपण मान्य केली आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका ऐतिहासिक दाखल्याच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. हा दाखला आहे १८७६–७८ च्या दक्षिणेतील दुष्काळाचा, आणि त्यातही म्हैसूर संस्थानाचा.

त्या वेळी म्हैसूरची गादी चामराजेंद्र वडियार या अल्पवयीन राजाकडे होती. प्रत्यक्ष कारभार मात्र १८३१ पासून इंग्रज आयुक्तांच्या हाती असून तो बंगळूरहून चाले. राज्य राजघराण्याकडे परत सोपविले गेले ते १८८१ साली. म्हणजे दुष्काळाचा सारा काळ हा संस्थानात राजा असूनही इंग्रजी अंमलाचा काळ होता. १८७१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या सुमारे ५० लाख ५५ हजार भरली होती. १८८१ च्या खानेसुमारीत ती सुमारे ४१ लाख ८६ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती दूरच राहिली, उलट साडेआठ लाखांहून अधिक माणसे गणतीतून नाहीशी झाली. याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस 'कैसर-ए-हिंद' ही पदवी घेतल्याचे जाहीर करण्यात आले. दरबार भरविणारा व्हाइसरॉय लिटन त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात मद्रास आणि म्हैसूर या भागांच्या दौऱ्यावर आला, तेव्हा मदतछावण्या माणसांनी भरून गेलेल्या होत्या.

पाऊस नव्हता हे खरे. पण मरण केवळ पावसाअभावी आले नाही. सर रिचर्ड टेंपल याने खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा येथवर खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर एवढ्यावर टिकत नाही, असा आक्षेप मद्रासचा आरोग्य-आयुक्त कॉर्निश याने घेतला. मुंबई इलाख्यात याच मजुरीच्या विरोधात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू अर्जांतून व अहवालांतून मांडली. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे, की पुढे ज्या छायाचित्रांचा विचार करावयाचा आहे त्यांतील देहांची ती अवस्था घडविण्यात धोरणाचाही वाटा होता. राजकारण या चित्रांना मागाहून येऊन चिकटलेले नाही.

या दुष्काळाची जी छायाचित्रे सर्वाधिक प्रसिद्धी पावली, ती विलॉबी वॉलेस हूपर या मद्रासच्या घोडदळातील अधिकाऱ्याच्या नावावर आहेत. हूपर १८३७ साली जन्मला. 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांच्या सरकारी प्रकाशनासाठी (१८६८–७५) ज्यांची छायाचित्रे घेण्यात आली त्यांत तो होता, आणि वेस्टर्न नावाच्या सहकाऱ्यासमवेत त्याने वाघाच्या शिकारीची एक चित्रमालिकाही रचून तयार केली होती. म्हणजे तो हौशी असला तरी नवशिका नव्हता. दुष्काळातील त्याच्या चित्रांत मद्रास आणि बंगळूर येथील माणसे आहेत. बरगड्या मोजता याव्यात असे पुरुष, हाडांच्या सापळ्यासारखी मुले मांडीवर घेतलेल्या स्त्रिया, कोणी बसलेले, कोणी उभे. आणि जवळजवळ सर्वांचे तोंड कॅमेऱ्याकडे. एका चित्राखाली 'फुकट मदतीस पात्र' अशा अर्थाचे शब्द आहेत. माणसांची नावे कोठेही नाहीत.

आता ही चित्रे निव्वळ चित्रे म्हणून पाहावयाची ठरविली, तर त्यांचे गुण नाकारता येत नाहीत. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली. त्यांतील विरोधाचे आणि समतोलाचे तत्त्व या चित्रांत अगदी डोळ्यांत भरण्यासारखे आहे. माणसे एखाद्या कौटुंबिक समूहचित्रात बसवावीत तशी उंचीच्या क्रमाने, चौकटीच्या मध्याभोवती नीट मांडलेली आहेत. ही मांडणी सुस्थितीची, प्रतिष्ठेची. त्या मांडणीत बसलेले देह मात्र सुस्थितीचा लवलेश नसलेले. या दोहोंतील ताणामुळे पाहणाऱ्याची नजर हलत नाही. प्रकाश सारखा पसरलेला असल्याने एकही हाड सावलीत दडत नाही. आणि सर्वांत प्रभावी आहे ती त्यांतील स्तब्धता. कोणीही हलत नाही, कोणीही ओरडत नाही. दुष्काळावरील शेकडो पाने जे सांगू शकत नाहीत ते ही स्तब्धता सांगून जाते, असे वाटू लागते.

येथपर्यंतचे विवेचन रूपवादी समीक्षकास मान्य होईल. परंतु हूपरच्या नावाशी एक वाद कायमचा जोडला गेलेला आहे. छायाचित्र घेऊन झाल्यावर त्याने या माणसांना अन्न अथवा उपचार न देताच परत पाठविले, असा आरोप त्याच्यावर पुढे वारंवार करण्यात आला. याहून गंभीर प्रकरण ब्रह्मदेशात घडले. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजास पदच्युत केले. पुढे त्यास रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले, हे मराठी वाचकास परिचित आहे. मंडालेत हूपर लष्करी बंदोबस्ताचा प्रमुख होता. १८८६ च्या जानेवारीत ब्रह्मी कैद्यांना गोळ्या घालून ठार करीत असताना त्याच क्षणाचे छायाचित्र मिळावे यासाठी त्याने कॅमेरा लावला. ही बातमी लंडनच्या 'टाइम्स'च्या बातमीदाराने पाठविली. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. चौकशी होऊन हूपरवर ठपका ठेवण्यात आला. या दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मंडालेचे प्रकरण चौकशीत तपासले गेले. दुष्काळातील आरोप तसा कधी तपासला गेला नाही. समीक्षकाने वादाचा उपयोग करावयाचाच असेल, तर प्रथम वादातील पुरावा तोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. एका प्रसंगी सिद्ध झालेल्या निष्ठुरतेवरून दुसऱ्या प्रसंगीची निष्ठुरता गृहीत धरणे न्यायाचे होणार नाही.

या वादासंबंधी दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली अशी, की हूपर कसाही असो, चित्रे उत्तम आहेत; त्याच्या दुर्वर्तनाचा निवाडा इतिहासाने करावा, चित्रांचा समीक्षेने. दुसरी भूमिका अशी, की ही चित्रे साम्राज्याच्या नोकराने अगतिक माणसांवर सत्ता गाजवून घेतली, म्हणून त्यांच्या कलागुणांविषयी बोलणे हेच मुळी अनुचित होय. पहिल्या भूमिकेत मोकळेपणा आहे, दुसरीत नैतिक चाड आहे. पण दोन्हींत एकच चूक आहे. 'वाद' हा एकजिनसी पदार्थ आहे, तो सबंध आत घ्यावयाचा किंवा सबंध बाहेर ठेवावयाचा, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः छायाचित्राभोवतीचे वाद दोन भिन्न जातींचे असतात. चित्र कोणी काढले, त्याचा पक्ष कोणता, ते कोठे छापले गेले आणि कोणी कशासाठी वापरले, हा एक प्रकार. चित्र कसे घडले, भिंगासमोर काय होते, ते तेथे कोणाच्या आज्ञेने आले, हा दुसरा. समीक्षेचे उत्तर या दोहोंना एकच असू शकत नाही.

पहिल्या प्रकारासाठी दुसऱ्या एका दुष्काळाचे उदाहरण घेऊ. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सुनील जाना हे तरुण छायाचित्रकार कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्यासमवेत दुष्काळी भागात हिंडले. त्यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या साप्ताहिकात आली. 'लोकयुद्ध' हे त्याच पक्षाचे मराठी पत्र होते. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनास या पक्षाने विरोध केलेला होता, आणि त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य राष्ट्रवादी घरांत त्या पत्रांविषयी तीव्र अप्रीती होती. त्या घरांतील एखाद्या वाचकाने जानांची चित्रे पाहून 'हा पक्षाचा प्रचार' म्हणून पान उलटले असेल, तर त्याचा राग समजण्याजोगा आहे. पण चित्राविषयीचा त्याचा निवाडा चुकीचाच म्हणावा लागेल. पक्षाची युद्धविषयक भूमिका चित्रातील एकाही रेषेचे कारण नव्हती. पुढे पक्षाचे धोरण बदलले, १९४८ साली जोशींचे नेतृत्व गेले. ज्यांना त्या पक्षाशी काही कर्तव्य नाही असे लोकही आज ती चित्रे पाहतात, आणि त्यांचे मोल त्यामुळे वाढले नाही की उणावलेही नाही. अशा प्रसंगी साहित्यसमीक्षेतील रूढ उत्तर छायाचित्रालाही लागू पडते. वाद बाहेर ठेवावा.

दुसऱ्या प्रकारात मात्र हे उत्तर पुरत नाही, आणि त्याचे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. कवीची सामग्री शब्द. चित्रकाराची रंग आणि रेषा. दुष्काळावर कविता लिहिणारा कवी भुकेल्या माणसास एक क्षणही तिष्ठत ठेवीत नाही. छायाचित्रकाराची सामग्री म्हणजे समोरचे माणूस आणि त्या माणसाचा वेळ. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत तर हा वेळ अक्षरशः मोजून द्यावा लागे. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यावयाचा आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुवून काढावयाची. एवढ्या अवधीत समोरच्या माणसांनी जागा धरून ठेवावयाची, आणि प्रत्यक्ष चित्र घेताना काही सेकंद मुळीच हलावयाचे नाही. हलले तर चेहरा पुसट होई.

हे लक्षात घेतले म्हणजे हूपरच्या चित्रांतील ज्या गुणाने आपण सर्वाधिक भारावतो, त्या स्तब्धतेकडे पुन्हा पाहावे लागते. ती स्तब्धता भुकेची आहे असे आपणांस वाटले होते. काही अंशी ती तशी असेलही. पण तीत ज्यांना उभे राहण्याचेही बळ नाही अशांना उंचीप्रमाणे मांडून निश्चल राहावयास सांगणाऱ्या आज्ञेचा भाग किती, हा प्रश्न आता टाळता येत नाही. आणि हा प्रश्न चित्राबाहेरचा नाही. चित्रातील भाव कशाचा आहे हेच तो विचारतो. कवितेतील करुणा खरी की आरोपित, हे विचारणे जसे समीक्षेचे काम, तसेच हेही आहे. जो वाद या प्रश्नाकडे आपले लक्ष वळवितो, तो समीक्षेच्या आत येतो. कारण त्यावाचून चित्राचे वाचनच अपुरे राहिले असते.

यावर कोणी म्हणेल, की मग मांडून घेतलेले प्रत्येक चित्र सदोष ठरेल. तसे नाही. मांडणी हा दोष नव्हे; मांडली जाणारी व्यक्ती त्या घडणीत कोणत्या नात्याने सहभागी आहे, हे पाहावे लागते. १९४६ साली पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने गांधीजींचे चरख्याशेजारचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. आधी चरखा कसा चालतो ते शिकून घ्या, मग चित्र काढा, अशी अट तिला घालण्यात आली होती, आणि कृत्रिम प्रकाशही मोजकाच वापरण्याची परवानगी होती, असे ती हकीकत सांगते. त्या चित्रातही रचना आहे: पुढे चरखा, मागे वाचीत बसलेली व्यक्ती, बाजूने येणारा उजेड. पण तेथे अटी समोरच्या माणसाच्या आहेत. चित्रातील शांतता ही त्या माणसाची स्वतःची आहे. ती कोणी आज्ञेने बसविलेली नाही. म्हणून त्या चित्राचा राजकीय उपयोग पुढे कोणी कसाही केला, तरी त्याच्या मूल्यास धक्का लागत नाही. याउलट १८५८ साली लखनौच्या सिकंदर बागेत फेलिस बेआतोने घेतलेले छायाचित्र पाहावे. लढाई होऊन काही महिने लोटल्यावर मृतांची हाडे अंगणात पसरवून ते घेतले गेले, असे मानले जाते. येथे मांडणीने पाहणाऱ्यास लढाईच्या दुसऱ्या दिवशीचा भास दिला आणि मृतांना त्यांच्या मरणानंतरही कामास लावले. हा वाद इतिहासाइतकाच त्या चित्राच्या कलामूल्याचाही आहे.

तेव्हा हूपरच्या चित्रांविषयी निवाडा काय द्यावयाचा? माझ्या मते त्यांना पुसून टाकणे चूक होईल. म्हैसूरच्या खानेसुमारीतून जे साडेआठ लाख लोक नाहीसे झाले, त्यांतील काहींचे चेहरे आपल्यापर्यंत पोचविणारी दुसरी साधने फार थोडी आहेत. त्या चित्रांवरून बहिष्काराने नजर काढून घेणे म्हणजे त्या माणसांना दुसऱ्यांदा गणतीतून वगळणे होय. त्यांतील रचनेचे कौशल्यही खरे आहे; ते कबूल न करणारी समीक्षा अप्रामाणिक ठरेल. परंतु श्रेष्ठ चित्रात कौशल्य आणि विषय यांचा जो मेळ अपेक्षित असतो, तो येथे नाही. कौशल्य मोजदाद करणाऱ्याचे आहे. विषय मोजदादीत न मावणारा आहे. 'फुकट मदतीस पात्र' ही ओळ हे स्पष्ट करते. चित्र ज्या नजरेने घडले, तीच नजर त्या शब्दांत आहे. ती समोरच्या देहाकडे पाहून कोणत्या वर्गात घालावयाचा एवढेच ठरविते. म्हणून ही चित्रे मोठे ऐतिहासिक लेख आहेत आणि कला म्हणून सदोष आहेत, असे मी म्हणेन. आणि हा दोष मी हूपरच्या चारित्र्यावरून नव्हे, तर चित्रांवरूनच दाखवीत आहे. मंडालेचा वाद उठला नसता तरी तो त्यांत होताच. वादाने तो शोधण्यास भाग पाडले, इतकेच.

तुलनेसाठी त्याच १८७७ सालचे मराठी मुलुखातील एक कार्य आठवते. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. त्या मुलांची छायाचित्रे आपल्यासमोर नाहीत. पण तेथे भुकेल्या मुलाकडे पाहणे आणि त्याला भाकरी देणे या दोन क्रिया वेगळ्या झालेल्या नव्हत्या. छायाचित्रकाराने भाकरी दिली म्हणजे चित्र चांगले होते, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पाहणे ही स्वतःच एक कृती आहे, आणि ती कोणत्या नात्याने केली याचा ठसा चित्रावर उमटल्यावाचून राहत नाही.

हे नाते बदलले म्हणजे चित्र कसे बदलते, याचे उदाहरणही म्हैसूरनेच दिले. टी. एस. सत्यन हे १९२३ साली म्हैसुरात जन्मले, तेथेच महाराजा कॉलेजात शिकले, आणि दीर्घकाळ देशभर हिंडून २००९ साली तेथेच वारले. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यासाठी त्यांनी गरीब वस्त्यांतून, दवाखान्यांतून, शाळांतून छायाचित्रे घेतली. आंतरराष्ट्रीय बालवर्षात, १९७९ साली, त्यांच्या मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरले. त्यांच्याही चित्रांत दारिद्र्य आहे, आणि तीही एका संस्थेच्या कामासाठी घेतलेली होती. संस्थेचा हेतू हाच दोष मानावयाचा तर सत्यनही त्यातून सुटणार नाहीत. पण त्यांच्या चित्रांतील मुले खेळात, अभ्यासात, आईच्या कुशीत गुंतलेली असतात; छायाचित्रकारासाठी ती थांबलेली नसतात. हूपरच्या माणसांपाशी देण्याजोगा एवढाच थोडा वेळ उरला होता, आणि तो त्यांच्याकडून मागून घेण्यात आला. सत्यनांनी मुलांच्या वेळात आपला वेळ मिसळला.

राजकीय वादाने छायाचित्राचे मोल ठरवू नये, हे म्हणूनच खरे आहे, पण अर्धे खरे आहे. वाद जेव्हा छायाचित्रकाराच्या झेंड्याविषयी असेल, तेव्हा समीक्षकाने त्यास दाराबाहेर थांबवावे. तो जेव्हा चित्रातील माणसांच्या बाजूने काही विचारीत असेल, तेव्हा त्यास आत घेऊन चित्रासमोर बसवावे आणि चित्र पुन्हा एकदा, प्रथमपासून, पाहावे. बंगळूरच्या छावणीतील त्या बिननावाच्या माणसांच्या बाबतीत तर समीक्षेवर एवढे करण्याचे ऋण निश्चितच आहे.